अकरा वाजताचं आजारपण

किल्लीवाल्याच्या पदरात काय पडणार होतं ते आधी सांगून टाकू. दुपार. रोजची एक अख्खी दुपार, जेवणं आटोपल्यापासून ऊन उतरेपर्यंत. तेवढा वेळ सरकारी खात्याची मदतनीस बाई घरी येऊन त्याच्या बायकोपाशी बसणार, तिला उठवणार, बसवणार, भरवणार, आणि किल्लीवाला मोकळा. मोकळं झाल्यावर काय करायचं याची त्यानं मनातल्या मनात उजळणीही करून ठेवली होती. पहिल्या दुपारी झोपायचं. दुसऱ्या दुपारीही झोपायचं. मग केस कापून घ्यायचे, कारण त्याचे केस बायकोच कापत असे, म्हणजे तिचा हात वर राही तेवढेच कापले जात आणि डाव्या कानामागचे तसेच राहत. मग दुकान उघडायचं. आणि या सगळ्यात केव्हातरी, हे त्यानं मेला तरी कुणाला सांगितलं नसतं, संडासात जाऊन दाराला आतून कडी घालायची. जगाला कुलपं पुरवणाऱ्या या माणसानं कित्येक वर्षांत स्वतःच्या घरात ते एक दार लावलेलं नव्हतं. बायकोनं हाक मारली तर ऐकू यायला हवी, म्हणून.

बायकोला यातून काय मिळणार होतं? तिला विचारलं तर ती म्हणायची, "मला दुसरं तोंड बघायला मिळेल. दिवसभर एकच तोंड समोर, आणि तेही बंद."

ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, कुठली आज रद्द आहे, कुठल्या गाडीचा चालक रागावलेला आहे, सगळं तिला तोंडपाठ. माणसं गाडीची वेळ विचारायला येत आणि स्वतःच्या घरची हकीकत सांगून जात. तिथल्या लोकांनी तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं. नवऱ्याचं नाव मात्र तिनंच ठेवलं होतं, कुलूप. ते त्याच्या धंद्यावरून, असं तो समजत असे.

आजार आला तो याच रेडिओत. संध्याकाळ झाली की तिचा आवाज नाकात जायला लागला. मग पापण्या उतरायला लागल्या. मग एकाच्या दोन गाड्या दिसायला लागल्या. वरिष्ठांना वाटलं, बाई पिऊन येते. एका डॉक्टरनं सांगितलं, मनाचं आहे, छंद लावून घ्या. नणंद म्हणाली, काम टाळायची नाटकं आहेत. प्रत्येकानं आपल्या परीनं निदान केलं आणि दोन-अडीच वर्षं त्यात गेली. खरं निदान झालं तेव्हा आजार इतका दुर्मीळ निघाला, की वॉर्डातले शिकाऊ डॉक्टर तिला बघायला रांगेनं आले. नाव तर एवढं लांबलचक, की ती म्हणायची, "थेट गाडी नाही या नावाला. मध्ये दोनदा बदलावी लागते."

प्रकार असा होता. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. आराम केला की अंगात ताकद साठते, वापरली की संपते. सकाळी उठली की ती जवळजवळ पूर्वीची. दुपारी पापण्या खाली. संध्याकाळी जबडा लोंबतो, तो हातानं धरून ठेवावा लागतो, आणि घास गिळताना घशात अडकेल की काय, म्हणून किल्लीवाला समोर उकिडवा बसून तिच्या गळ्याकडे बघत राहतो. दर तीन तासांनी एक पांढरी गोळी. गोळी घेतली की थोडी भर पडते, मग पुन्हा उतार.

बोलण्यानंही ताकद जाते हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून किल्लीवाल्यानं तिचं बोलणंसुद्धा मापून द्यायला सुरुवात केली होती. सकाळी गरजेपुरतं. दुपारनंतर फक्त मान हलवायची. ती काही सांगायला लागली की तो बोट वर करायचा. बोट बघितलं की ती वाक्य अर्ध्यावर सोडायची, आणि ते वाक्य मग कायमचं अर्धंच राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोण उरलेलं सांगत बसतो?

मदतनीस मिळावी म्हणून त्यानं अर्ज केला, तेव्हा पहिल्या तपासणीला साहेब आले होते सकाळी दहाला. किल्लीवाल्याच्या संसारातली सर्वांत मोठी चूक त्या दिवशी झाली, असं त्याचं तेव्हाचं मत होतं. घरात कुणी येणार म्हटल्यावर त्यानं आदल्या दिवसापासून तिला आराम दिला होता, न्हाऊ-माखू घातलं होतं, इस्त्रीचे कपडे घातले होते. पाहुण्यासमोर माणूस नीटनेटकं असावं एवढंच त्याच्या डोक्यात. आणि ती! महिनोन् महिने परका माणूस पाहिला नव्हता. साहेब दारात दिसले आणि तिची चौकशीची खिडकी उघडली. साहेब कुठून आले, कोणत्या गाडीनं आले, ती गाडी हल्ली वळसा घालून का जाते, सगळं झालं. साहेब म्हणाले, "बाई, हात वर करून दाखवा." तिनं दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "आणखी करू? वर कोळ्याचं जाळं लागलंय, तेही काढून देते."

साहेब पोट धरून हसले. आठ दिवसांनी खात्याचं उत्तर आलं, अर्जदार स्वावलंबी आहे, मदतीची गरज नाही. साहेब हसून जिना उतरले त्यानंतर दोन दिवस तिला स्वतःचं डोकं मानेवर पेलवलं नव्हतं. ते त्या उत्तरात कुठून येणार?

किल्लीवाल्यानं पुन्हा तपासणी मागितली. मिळाली. वेळ, सकाळी अकरा. तो खात्यात गेला आणि खिडकीतल्या कारकुनाला म्हणाला, "संध्याकाळची वेळ द्या. तिचा आजार संध्याकाळी दिसतो."

कारकून चहा पीत होता. "साहेब संध्याकाळी घरी जातात," तो म्हणाला. "तुमच्या आजाराला सांगा, सकाळी येत जा."

हे त्यानं घरी येऊन सांगितलं. बायको रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली. मग हसायचं थांबून म्हणाली, "खरं बोलला हो तो. आजाराला वेळ कळत नाही, साहेबाला कळते. मग मीच साहेबाच्या वेळेवर आजारी पडते."

"म्हणजे?"

"म्हणजे संध्याकाळपर्यंत जेवढी दमते तेवढी अकरापर्यंत दमायचं. पहाटे उठवा मला. जिना उतरवा, चढवा. कडक टोस्ट द्या चावायला. आणि," इथं तिच्या डोळ्यांत जे आलं ते किल्लीवाल्यानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शेवटचं पाहिलं होतं, "मला बोलू द्या. जेवढं बोलायचंय तेवढं. बोट वर करायचं नाही."

"आणि गोळ्या?"

"एखादी उशिरा घेतली तर?"

"नाही," किल्लीवाला म्हणाला. "गोळीशी खेळ नाही. डॉक्टरांनी बजावलंय."

"बरं," ती म्हणाली.

ती वाद न घालता बरं म्हणाली, याची त्यानं तेव्हाच दखल घ्यायला हवी होती. पण एवढ्या वर्षांत ती थकल्यामुळे त्याचं सगळंच ऐकत आली होती, त्याला सवय झाली होती.

तपासणीच्या दिवशी सकाळी सहाला त्यानं तिला उठवलं, गोळी हातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि चहाचं आधण ठेवायला वळला. मागं ती रुमाल तोंडाला लावून खोकली. तिला दोन दिवस थोडी सर्दी होती. सर्दीचं त्याला वाईट वाटलं नाही. झाली तर तपासणीला मदतच, असा एक हिशेबी विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्यानं तो हाकललाही नाही.

आणि मग ती बोलायला लागली.

तिनं सुरुवात केली ती बसस्थानकापासून. एक म्हातारा दर सोमवारी येऊन एका गावाची गाडी विचारायचा, आणि गाडी लागली की तिच्याकडे बघत उभा राहायचा, बसायचा कधीच नाही. "एकदा मी विचारलं, काका, जात का नाही? म्हणाले, गाडी सुरू आहे ना, एवढं बघायला येतो. बंद झाली तर मग जाताच यायचं नाही. अहो, मला केवढं हसू आलं होतं तेव्हा. आता हसू येत नाही."

जिना उतरताना ती बोलत होती, चढताना दोनदा थांबली पण तोंड थांबलं नाही. शिलाईवाल्या शेजारणीनं दार उघडून विचारलं, "आज काय रेडिओ चालू?" तर तिला उभ्या उभ्या अर्धा तास पुरवला. टोस्ट चावता चावता ती नणंदेची नक्कल करायला लागली. हुबेहूब, ती कंबरेवर हात ठेवण्याची तऱ्हा आणि "मला मेलीला कोण विचारतंय" म्हणत सगळ्यांना विचारायला लावण्याची. किल्लीवाला हसला. त्याच्या हसण्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"आणि तुम्ही," ती म्हणाली. "लग्नाआधी रोज यायचात खिडकीवर. साडेपाचची गेली का? गेली म्हटलं की, बरं, म्हणून परत. अहो, साडेपाचची जिथं जाते तिथं तुमचं कोणी नव्हतं. मी काढली होती माहिती. मी मुद्दाम सांगायचे, गेली. उभी असली तरी."

"उभी असायची?"

"समोर उभी असायची! तुमच्या मागं. तुम्ही कधी मागं वळून बघितलंत?"

त्यानं तिच्यासमोर आणखी एक टोस्ट ठेवला. मग ती हसतच, त्याच सुरात, म्हणाली, "मागं एकदा दुपारी मी झोपलेय असं वाटून तुम्ही मोरीत उभे राहून बोलत होतात. नळ सोडून. सुटलं तर बरं, म्हणालात. दोनदा म्हणालात. कोण सुटलं तर, ते नाही कळलं. म्हटलं, विचारावं. पण संध्याकाळ झाली होती, मला बोलता येईना. सकाळी वाटलं, कशाला."

किल्लीवाल्यानं टोस्टचे तुकडे गोळा केले. त्याला आठवत होतं. कोण सुटलं तर, ते त्यालाही त्या दिवशी ठाऊक नव्हतं, आणि आता मुद्दाम शोधायची त्याची छाती नव्हती.

"दमलीस?" त्यानं विचारलं.

"छे!" ती म्हणाली.

आणि तीच तर पंचाईत होती. नऊ वाजत आले होते आणि बाई फुललेली. गालावर रंग, आवाज घंटेसारखा खणखणीत. दमवण्यासाठी म्हणून जे जे केलं त्या सगळ्यानं तिला टवटवी आली होती. इतक्या वर्षांचं तुंबलेलं मोकळं झालं तर दुसरं काय होणार? किल्लीवाल्याच्या डोळ्यांसमोर साहेब हसताना दिसायला लागले. अर्जदार स्वावलंबी. मग तिसरी तपासणी नाही, खात्याचा तसा नियमच होता. मग अशीच दुपार, अशीच संध्याकाळ, तो समोर उकिडवा आणि तिचा गळा, किती वर्षं ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

नऊची गोळी द्यायला तो फडताळापाशी गेला. शेजारी तिच्या हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली होती. चुन्याच्या गोळ्या, पांढऱ्या, गोल, जवळजवळ तेवढ्याच. त्यानं खरी गोळी काढली, ती खिशात टाकली, आणि चुन्याची तिच्या हातावर ठेवली. त्याचा हात थरथरला असता तर बरं झालं असतं. नाही थरथरला. किल्ल्या घासणाऱ्याचा हात, तो सवयीनं स्थिर.

फक्त एक गोळी, त्यानं स्वतःला सांगितलं. साहेब गेले की लगेच खरी देऊ. एका गोळीनं काय होतंय.

तिनं ती पाण्याबरोबर घेतली, त्याच्याकडे बघून.

साडेदहाच्या सुमारास ती उतरायला लागली. आधी डावी पापणी. मग वाक्याची शेवटची अक्षरं नाकात जायला लागली. तिला ते कळलं आणि तिनं मिटत्या डोळ्यानं त्याला खूण केली, जमतंय. दोघंही खूश झाले. खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्या घरात दोन आनंदी माणसं बसलेली होती.

अकरा वाजले. साहेब आले नाहीत. जबडा लोंबायला लागला, तिनं तो मुठीवर टेकवला. मान पुढं यायला लागली. किल्लीवाल्यानं उशी लावली. तिनं पाणी मागितलं, बोटानं. त्यानं पेला तोंडाला लावला तर पाणी नाकातून परत आलं. असं पूर्वी फार वाईट संध्याकाळीच व्हायचं. त्याचा हात खिशाकडे गेला. गोळी तिथं होती, बोटांना लागली. नेमक्या त्याच वेळी खाली जिन्यात पावलं वाजली आणि शिलाईवाली कुणाला तरी सांगत होती, "वरती, साहेब, डाव्या हाताला."

आता हे जिन्याचं अंतर लक्षात घ्या. तेवढंच अंतर होतं. गोळी चुरून पाण्यातून चमच्यानं देता आली असती. आणि दिली असती तर थोड्या वेळात पापण्या वर गेल्या असत्या, साहेबांसमोर, आणि पहाटेपासूनचं सगळं पाण्यात. पाच मिनिटं, किल्लीवाला स्वतःशी म्हणाला, आणि त्यानं खिशातून हात रिकामा बाहेर काढला.

साहेब आले. उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. माणूस वाईट नव्हता. तिला बघून तो उंबऱ्यातच थबकला. "मागच्या वेळी तर…" म्हणाला आणि थांबला.

"मागच्या वेळी सकाळ होती," किल्लीवाला म्हणाला.

"आत्ताही सकाळच आहे," साहेब म्हणाले, पण हळू आवाजात. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "बाई, हात वर करता?"

उजवा हात गुडघ्यावरून उठला, थोडा वर गेला आणि पडला. डावा उठलाच नाही. साहेबांनी हातातल्या कागदावर पेनानं खूण केली. चमचा धरता येतो? नाही. उठून उभं राहता येतं? नाही. प्रत्येक नाहीला खूण, आणि प्रत्येक खुणेबरोबर किल्लीवाल्याच्या छातीत काहीतरी सैल होत होतं. दुपार येत होती. जिना चढून वर येत होती.

"शेवटचं," साहेब म्हणाले. "एका श्वासात जेवढे होतील तेवढे आकडे मोजा."

तिनं मान थोडी वर केली. खिडकीत बसताना करायची तशी. "एक," ती म्हणाली. "दोन." तीन नुसतंच ओठांवर आलं. साहेबांनी खूण केली, टोपण लावलं आणि उठता उठता ते म्हणाले, "मिळेल हो तुम्हाला. मी तसं लिहितो. आधीच द्यायला हवी होती." मग त्यांनी तिच्याकडे पुन्हा पाहिलं आणि त्यांचा स्वर बदलला. "अहो, यांचे ओठ असे का दिसतायत?"

रुग्णवाहिका साहेबांनीच बोलावली. ती येईपर्यंत त्यांनी बाईपाशी जमिनीवर गुडघे टेकून तिची मान धरून ठेवली होती. किल्लीवाल्यानं चुरलेली गोळी चमच्यात कालवून आणली होती आणि ती द्यायची कुठून हे त्याला कळत नव्हतं.

दवाखान्यात नळी आधी तोंडातून गेली. मग बरेच दिवस झाल्यावर गळ्याला भोक पाडून तिथून. डॉक्टरीण बाई तरुण होती, हातात पेन आणि डोळ्यांखाली काळं. तिनं विचारलं, "गोळ्या वेळेवर घेत होत्या? एखादी चुकली?"

"नाही," किल्लीवाला म्हणाला. तो एरवीही एका शब्दात उत्तर द्यायचा, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही.

"मग सर्दीचंच निमित्त," ती म्हणाली. "या आजारात तेवढंही पुरतं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका."

तो मान हलवून बाहेर आला आणि पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला. एका गोळीनं एवढं होतं? तो रोज तोच हिशेब मांडायचा. मागं एकदा गोळ्या संपल्या होत्या, औषधवाल्याचं दुकान बंद होतं, एक वेळ चुकली होती; ती फक्त मरगळली होती. मग या वेळी एवढं का? सर्दी धरली, जिना धरला, टोस्ट धरला, बोलणं धरलं, तरी बेरीज जुळत नव्हती. उरलेलं सगळं तो मुकाट्यानं आपल्या नावावर टाकायचा.

ती घरी आली तेव्हा गळ्यात नळी होती, नाकात अन्नाची दुसरी, आणि आवाज नव्हता. नळी कधी निघेल, विचारल्यावर डॉक्टरीण बाई म्हणाली, बघू. निघाल्यावर आवाज येईल का, विचारल्यावर तिनं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मदतनीस मंजूर झाल्याचं पत्र त्याआधीच येऊन पडलं होतं, साहेबांनी शब्द पाळला होता.

मदतनीस बाई दुपारची यायची. जाडजूड, हसरी, बोलघेवडी. "वहिनी, तुम्ही काही बोलू नका, मी बोलते दोघींचं," असं म्हणून तिनं पहिल्याच दिवशी घर ताब्यात घेतलं. किल्लीवाला पहिल्या दुपारी झोपला. झोप लागली नाही, पण आडवा झाला. केस कापून घेतले, डाव्या कानामागचेसुद्धा. दुकान उघडलं, कुलपांवरची धूळ पुसली. संडासाला कडी घातली आणि आत नुसता बसून राहिला. दुपार मिळाली होती ती अशी. रात्र मात्र गेली होती. नळीत कफ साठला की यंत्र लावून ओढावा लागायचा, घटके-घटकेला, नाहीतर तिचा जीव गुदमरायचा. पूर्वी ती हाक तरी मारायची. आता हाकही नाही, म्हणून तो तिच्या छातीकडे बघत जागा.

एका दुपारी तो दुकानाला निघाला होता, एक पाय चपलेत. बिछान्यावरून टकटक ऐकू आली. ती अंगठीनं पलंगाच्या दांडीवर वाजवायची, तेवढं जमायचं. तो वळला. ती त्याच्याकडे बघत होती, पापण्या त्या वेळी बऱ्यापैकी वर होत्या. तिनं हात उचलला, सावकाश, तोंडाशी नेला. दोन बोटांनी काहीतरी जिभेवर ठेवल्यासारखं केलं. मग बोट गालाच्या आतल्या बाजूला फिरवलं. मग उशीखालचा रुमाल ओढला, तोंडाला लावला, आणि खोकली. आवाज न होता खोकली. रुमालात काहीतरी पडल्यासारखं केलं आणि रुमाल मिटला. मग सहा बोटं दाखवली. एका हाताची पाच, दुसऱ्याचं एक, ते एक उचलताना तिची दमछाक झाली.

किल्लीवाला बघत राहिला. सहाची गोळी. चहाचं आधण. मागं रुमालात खोकला.

त्याची बेरीज जुळली. तिनं सहाची टाकली, त्यानं नऊची. दोघांनीही एकेक, दोघांनीही दुसऱ्याला न सांगता, दुसऱ्याला पाप लागू नये म्हणून. एवढे दिवस छातीवर असलेला दगड सरकला, आणि खाली मोकळी हवा लागावी तसं त्याला वाटलं. मग त्या हवेची त्याला लाज वाटली.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी. मी केलं. पुन्हा बोट ठेवलं. आणि मग हात जोडायला गेली, ते दोन हात एकमेकांपर्यंत पोचेनात.

आता त्याची पाळी होती. त्याच्या गळ्यात नळी नव्हती. त्याचा आवाज ठणठणीत होता. नुसतं एवढंच म्हणायचं होतं, अगं, नऊची मी बदलली. तो पलंगापाशी गेला. वाक्य घशात तयार होतं.

"काय म्हणतायत वहिनी?" मदतनीस बाईनं स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं. "काय हवंय?"

किल्लीवाल्यानं बायकोचे हात हातात घेतले आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "असू दे गं. झालं ते झालं. एका गोळीनं काय होतंय."

तिनं डोळे मिटले. चेहरा सैल झाला, पहाटे बोलताना झाला होता तसा. मदतनीस बाई दारात उभी होती, पदरानं डोळे टिपत. "असा नवरा मिळायला नशीब लागतं, वहिनी," ती म्हणाली.

किल्लीवाल्यानं दुसरी चप्पल घातली आणि दुकानाला गेला.

तेव्हा जमाखर्च असा झाला. खात्यानं एक दुपार दिली, साहेबांनी आपला शब्द, मदतनीस बाईनं तिचं बोलणं. किल्लीवाल्याला दुपार मिळाली, कडीचं दार मिळालं, आणि वर समजूतदार नवरा म्हणून नावही झालं. दोन गोळ्या चुकल्या होत्या. त्यातली एक किल्लीवाल्याची होती. दोन्ही बायकोच्या नावावर गेल्या, आणि ती रोज दुपारी, तो निघताना, दारापर्यंत त्याच्याकडे कृतज्ञतेनं बघत राहते.